जाळीपलीकडची दोरी

१

आमची गल्ली अकरा फूट रुंद होती. हे मी अंदाजानं सांगत नाही, मोजलं होतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि अंतराच्या बाबतीत मला ढिलाई चालत नाही. नवरा म्हणतो, तू प्रेमसुद्धा डोळ्यांच्या तक्त्यासारखं सहा मीटरवरून करतेस. तो दूरच्या बंदरावर क्रेन चालवतो आणि महिन्यातून दोन दिवस घरी येतो, तेव्हा अंतराबद्दल त्यानं न बोललेलंच बरं.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजल्यांची जुनी घरं होती. खाली पावाची भट्टी, घड्याळ दुरुस्तीवाला, छत्रीवाला, वर आम्ही. दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्या बरोब्बर समोर काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी. दोन्ही खिडक्यांखाली एकेक लोखंडी कप्पी होती, दोन्ही कप्प्यांवरून फिरणारी एकच दोरी होती आणि दोरीला वेताची टोपली टांगलेली होती. दोरी ओढली की टोपली हवेतून गल्ली ओलांडायची. साखर, सुईदोरा, डोकेदुखीची गोळी, वाचून झालेला पेपर, कधी रागाची चिठ्ठी. माझ्या सासूबाई आणि समोरच्या काकू चौतीस वर्षं हे करत आल्या होत्या. दोन जिने उतरून दोन चढायचे, तर गुडघे कुणाचे झिजणार?

दोरीचे नियम होते. पाठवणारीनं दोन झटके द्यायचे, मग समोरचीनं ओढायचं. आणि टोपली कधी रिकामी परत जायची नाही. काही नसेल तर कपड्याचा चिमटा तरी टाकायचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी टोपली रिकामी पाठवली होती. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते जास्त वाईट होतं.

सासूबाई तशाच. जाड चष्मा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्या मनगटावर इस्त्रीचा जुना चटका, डावा पाय जरा घसटत चालणार, आणि जिभेला मात्र कसलंही दुखणं नाही. आमचं भांडण रोजचं. त्याशिवाय दोघींनाही दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे.

२

मग बिल्डर आला. गल्लीत सभा झाली, कागद वाटले गेले. जुन्या खोलीच्या बदल्यात नवी खोली. तेवढीच, पण नवी. ओल नाही, तडे नाहीत, गळकं छप्पर नाही. घड्याळवाला म्हणाला, "फुकट नवं मिळतंय तर नको कशाला म्हणायचं?" आणि त्यानं सगळ्यांत आधी सही केली. माझ्या नवऱ्यानंही केली. मीही आनंदानं होकार दिला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची बुरशी खरवडून माझी नखं गेली होती.

सासूबाईंनी सही केली नाही. खोली नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे त्यांच्या सहीची गरजही नव्हती, आणि तेच त्यांना लागलं. "मी इथून हलणार नाही," त्या म्हणाल्या. मी समजावलं, नवऱ्यानं फोनवरून समजावलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले. "पीळ आहे म्हणून दोरी आहे," त्या म्हणाल्या. "नाहीतर नुसता काथ्या."

आधी समोरची बाजू पाडायची आणि चार महिन्यांनी आमची, असं ठरलं होतं. तोवर आम्ही शहराच्या टोकाला बिल्डरनं दिलेल्या भाड्याच्या घरात जायचं होतं. त्या चार महिन्यांत सासूबाईंना तयार करणं हे माझ्या अंगावर पडलेलं काम. शेवटच्या दिवशी पोलिसांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेलंय, असं मला दोनदा स्वप्न पडलं होतं.

समोरच्या काकू मुलीकडे, दुसऱ्या गावी गेल्या. जायच्या सकाळी त्यांनी खिडकीतून दोरी कापली आणि आपली कप्पीही उचकटून पिशवीत टाकली. दोरी आमच्या भिंतीवर लोंबत राहिली. सासूबाईंनी ती वर ओढून घेतली, गुंडाळली आणि टोपलीसह खिळ्याला अडकवली. रडल्या नाहीत. त्या दिवशी माझ्याशी भांडल्याही नाहीत, तेव्हा मला खरं वाईट वाटलं.

नऊ दिवसांत समोरची बाजू सपाट झाली. धूळ अडवायला तीन मजले उंच हिरवी जाळी लावली. भट्टीचा वास गेला, छत्रीवाल्याचं खोकणं गेलं. आमच्या खिडकीतून आता नुसता हिरवा रंग दिसायचा.

३

त्यानंतर साधारण आठवड्यानं, संध्याकाळी मी दुकानातून परत आले. गल्लीत शिरताना सवयीनं वर पाहिलं. दोरी ताणलेली होती.

आमच्या कप्पीवरून निघून, गल्लीवरून सरळ जाऊन ती हिरव्या जाळीत शिरली होती. दोन पदरी, पूर्वीसारखी. मध्यावर टोपली होती.

मला काही भीती वगैरे वाटली नाही. सासूबाईंनी टोक फेकलं असेल, जाळीच्या पाइपाला अडकलं असेल, एखाद्या मजुरानं गंमत म्हणून बांधलं असेल. माणसाला कारण हवं असलं की ते सापडतं. मी वर गेले. सासूबाई खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या.

"दोरी कुणी बांधली?"

"सकाळी उठले तर बांधलेली होती."

"समोर कोण आहे बांधायला?"

"ते मी कशाला विचारू? चौतीस वर्षांत मी काकूंना कधी 'कोण' म्हणून विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर जाताना साइटच्या सुपरवायझरला गाठलं. तरुण माणूस होता, बोलायला नम्र. म्हणाला, "मॅडम, जाळीमागे अडकवायला काहीच नाही. या, बघा." त्यानं पत्र्याचं दार उघडून मला आत नेलं. आत चाळीस फूट खोल खड्डा, तळाशी पिवळं पाणी आणि एक पंप. मी मागे वळून जाळीकडे आतल्या बाजूनं पाहिलं. आमच्या खिडकीच्या उंचीवर, जिथं दोरी बाहेर यायला हवी होती, तिथं जाळी सपाट होती. भोक नाही, गाठ नाही, दोरी नाही.

"जाळी दुहेरी आहे का?" मी विचारलं.

"काही ठिकाणी आहे."

मग दोन थरांच्या मध्ये अडकली असणार. मी त्याचे आभार मानले आणि कामावर गेले. त्या दिवशी मी तेवीस जणांचे डोळे तपासले. एकाचाही नंबर चुकला नाही.

४

रविवारी मी काकूंना फोन केला. तब्येत विचारली, मुलीचं घर विचारलं, मग सहज म्हणाले, "काकू, दोरीचं तुमच्या बाजूचं टोक तुम्ही कशाला बांधून ठेवलं होतं का?"

"कशाला बांधू? मी कापली ना दोरी. कप्पी इथं माझ्या उशाशी आहे. मुलगी हसते मला. तुझी सासू कशी आहे? एकटी पडली असेल गं."

"बऱ्या आहेत," मी म्हणाले.

मी फोन ठेवला तेव्हा सासूबाई दूध तापवत होत्या. आमच्याकडे दुधाचं एकच पातेलं होतं, त्याच्या पोटाला मोठा पोचा. नवऱ्यानं पाच वर्षांचा असताना ते जिन्यावरून फेकलं होतं. ती गोष्ट मी सासूबाईंकडून निदान शंभर वेळा ऐकली होती. आज पातेल्याला पोचा नव्हता.

मी ते कापडानं धरून दिव्याखाली फिरवून पाहिलं. तेच पातेलं. काठाजवळ कोरलेलं सासऱ्यांचं नावही होतं. फक्त पोचा नव्हता, तळाचा काळपटपणा नव्हता.

"ठोकून आणलंत?"

"समोर पाठवलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "थोडी साखर घालून. परत आलं ते असं."

त्यांना आनंद झाला नव्हता. पोचा जिथं असायचा तिथं त्या अंगठा फिरवत होत्या. बोहारीण आली असेल, भांडी ठोकणारा आला असेल, सासूबाईंना आठवत नसेल, असं मी मनाशी ठरवलं. उजव्या डोळ्यावर इतका मोतीबिंदू असताना माणूस बरंच काही चुकीचं पाहतो. हे मी रोज लोकांना समजावते.

५

पुढच्या महिन्यात एक चांगली गोष्ट घडली. सासूबाई सामान बांधायला लागल्या.

मी कामावरून यावं तर बाहेरच्या खोलीत एक खोकं वाढलेलं. भांडी, आरसा, डबे, कात्री, चादरी. प्रत्येक खोक्यावर त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी सगळं पुन्हा बाहेर काढलं असतं. नवऱ्याला फोनवर हळूच सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? वेळ दिला की आई ऐकते." श्रेय घ्यायला हा माणूस बंदरावरूनही वेळेत पोचतो.

मी मात्र ती खोकी कशी भरली जातायत ते पाहत होते, आणि पाहूनही कानाडोळा करत होते. आरशाच्या कोपऱ्यातला तडा गेला होता. चादरीवरचं मी सांडलेलं औषध गेलं होतं. कात्रीचा ढिला खिळा घट्ट झाला होता. सगळं आमचंच होतं आणि सगळं कोरं होतं.

मग चौथ्या महिन्यात एके दिवशी भिंतीवरचं घड्याळ वेळेवर वाजलं.

आमचं घड्याळ लंगडं होतं. एक ठोका लांब, एक आखूड, आणि दिवसाला दहा मिनिटं मागे. खालच्या घड्याळवाल्यानं तीनदा उघडून हात टेकले होते. आता ते सरळ चालत होतं, शिपायासारखं. मी खुर्चीवर चढून त्याला कान लावला. मला रडू आलं, का ते कळलं नाही. एका घड्याळासाठी इतकं काय, असं स्वतःला म्हणून मी खाली उतरले.

६

त्याच आठवड्यात गल्लीतला विजेचा पुरवठा एक संध्याकाळ बंद होता. पंप थांबला, मशीन थांबली, इतकी शांतता पाडापाडी सुरू झाल्यापासून झाली नव्हती. मी खिडकीशी उभी होते. जाळीमागून आवाज येत होता. लांब ठोका, आखूड ठोका. लांब, आखूड.

सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझं घड्याळ," त्या म्हणाल्या.

"तुमचं घड्याळ मागे भिंतीवर आहे."

"ते नाही. ते त्यांनी दिलेलं."

"आई, 'त्यांनी' म्हणजे कोणी?"

त्यांनी खिडकीतून दोरीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मला आधी वाटलं, समोर कुणी एकटं आहे. घरात काही नाही बिचारीच्या. म्हणून देत गेले. पण ती नवंच देते, जुनं ठेवून घेते. माझा सगळा संसार तिकडे लागला गं. एकदा जाऊन बघून यावं म्हणते, नीट लावलाय का."

मी त्यांचा हात धरला. मनगटावरचा चटका माझ्या बोटांखाली खरखरीत लागला. "आता ती टोपली बंद," मी म्हणाले. "आठ दिवसांत आपल्याला जायचंय. नव्या जागेत गेल्यावर आधी डोळ्याचं ऑपरेशन."

"मी येणार नाही म्हणून सांगितलंय ना!" त्यांनी हात झटकला. "तुला काय, तुला सगळं नवं हवंय. सासूसुद्धा."

"हो, हवी आहे!" मी म्हणाले. "न भांडणारी, सांगितलेलं ऐकणारी. मिळते का कुठे?"

हे मी रागाच्या भरात म्हणाले. घरात रोज यापेक्षा वाईट बोललं जायचं. पण खिडकी उघडी होती, आणि बोलणं संपल्यावर माझ्या लक्षात आलं की जाळीमागचं घड्याळ थांबलंय. कुणी ऐकण्यासाठी ते हातानं धरून ठेवावं तसं. थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू झालं.

७

जायच्या सकाळी टेंपो आठला येणार होता. नवरा थेट नव्या जागी पोचणार होता. मी सहाला उठले तेव्हा सासूबाईंच्या अंथरुणाची घडी झालेली होती. त्या बाहेरच्या खोलीत खोक्यांमध्ये, खुर्चीवर, जायचे कपडे घालून बसल्या होत्या. मांडीवर पिशवी.

"आवरलं तुझं?" त्या म्हणाल्या. "निघूया मग."

मी दारात उभीच राहिले. चार महिने मी याच वाक्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. चष्माही नव्हता, पिशवीत ठेवला असेल. मी खोलात गेले नाही. बुडत्याला काडी मिळाली तर तो काडीची जात विचारत नाही.

"चहा टाकते," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात आले.

दोरी ताणलेलीच होती. टोपली आमच्या बाजूला नव्हती. मला एकच धास्ती होती: निघता निघता यांनी ही दोरी पाहिली, तर पुन्हा खिडकीशी ठाण मांडतील. मी दाराशी ठेवलेल्या खोक्यातून कात्री काढली आणि खिडकीतून वाकले.

दोरी धरताच हातात झटका आला. एक. दोन.

वारा, मी म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले. पुन्हा दोन झटके. मग पुन्हा दोन, घाईघाईनं, एकामागून एक. दोरी माझ्या मुठीत थरथरत होती. मी कात्री लावली. नवी कात्री, एका दाबात दोन्ही पदर तुटले आणि दोरी सापासारखी सर्रकन जाळीकडे गेली.

त्याच वेळी जाळी वाऱ्यानं फुगली आणि शिवणीजवळ हातभर उघडली.

मी तिथं काय पाहिलं ते मला नेमकं सांगता येतं, कारण माझी नजर चांगली आहे आणि अंतर अकरा फूट होतं. मी एक खिडकी पाहिली. आमच्या स्वयंपाकघराची. भिंतीवर आमची बुरशी होती. फळीवर पोचा असलेलं पातेलं होतं. खिडकीत सासूबाई होत्या, चष्मा घातलेल्या, एका हातात दोरीचं तुटलेलं टोक. दुसरा हात त्यांनी माझ्याकडे केला होता. मनगटावर चटका होता. त्यांचं तोंड हलत होतं. मला आवाज आला नाही.

जाळी परत मिटली.

मागून पावलं आली. सरळ, एकसारखी, कुठलाही पाय न घसटता.

"चहा राहू दे," मागून सासूबाई म्हणाल्या. "टेंपो लवकरच आलाय खाली."

८

मी गेले त्यांच्याबरोबर. दुसरं काय करायचं होतं? सुपरवायझरकडे धावले, त्यानं पत्र्याचं दार उघडलं, आत खड्डा होता, पंप होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या सासूबाई तर टेंपोत बसल्यायत." टेंपोतून त्यांनी हात हलवला.

आता सात महिने झाले. भाड्याची नवी जागा कोरडी आहे. सासूबाई सकाळी उठतात, सांगितलं ते करतात, दिलं ते खातात. नवरा खूश आहे. "आईला जागा मानवली," असं सगळ्यांना सांगतो. मी एक-दोनदा त्याला सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा त्यानं मला रजा घ्यायला सांगितलं. काकूंनी फोनवर सासूबाईंशी बोलून झाल्यावर मला विचारलं, "तिला बरं नाही का गं? माझ्याशी इतकं गोड बोलली." त्यानंतर काकूंनी फोन केलेला नाही.

गेल्या शनिवारी नवरा त्यांना ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीसाठी माझ्या दुकानात घेऊन आला. तो बाहेर बसला. मी त्यांना तपासणीच्या खोलीत नेलं, दार लावलं, दिवा घालवला. फक्त तक्ता उजळलेला. उजव्या डोळ्यानं त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी. अगदी खालची, जी माझ्या दुकानात वीस वर्षांचे तरुणही अडखळत वाचतात, तीही वाचली. मी यंत्रावर त्यांची हनुवटी टेकवली आणि उजेड डोळ्यात सोडला. मोतीबिंदू नव्हता. ऑपरेशनची खूणही नव्हती. आत कुणी कधी काही पाहिलंच नसावं इतका तो डोळा स्वच्छ होता.

मी यंत्र बाजूला केलं. अंधारात आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. सात महिन्यांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"आई कुठे आहेत?"

त्यांना खोटं बोलता येत नाही. ती वाईट खोड त्यांच्यात आलेलीच नाही.

"तिथंच," त्या म्हणाल्या.

"मला हाका मारत होत्या का?"

"हो. दोरी तुटली तरी झटके देत होत्या. पुष्कळ दिवस." त्यांचा आवाज प्रेमळ होता. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मऊ, कोरडा हात, मनगट गुळगुळीत. "मग दमल्या."

बाहेरून नवऱ्यानं दार वाजवून विचारलं, "झालं का? काय म्हणतोय डोळा?"

मी दिवा लावला. कार्डावर दोन्ही डोळ्यांसमोर 'दोष नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि दार उघडून त्याच्या हातात दिलं.